पंचकातली तारीख

माझा थोरला भाऊ कडूबा तीस मेला वारला. सरकारच्या कागदावर तो तीन जूनला वारला. मधले चार दिवस तो कुठं होता, काय खात होता, ते मला कुणीतरी सांगावं. आम्ही तर त्याला तीस तारखेच्या सांजेलाच जाळून आलो होतो.

दादा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई होता. शाळेच्या दाखल्यावर त्याची जन्मतारीख एक जून. आमच्या पिढीतली निम्मी माणसं एक जूनलाच जन्मली. आई पोराचं नाव घालायला गेली की मास्तर विचारायचा, कधीचा हाय? आई म्हणायची, भुईमूग उपटून राह्यलो व्हतो तवाचा. मास्तर एक जून लिहून मोकळा. त्या एक जूनला दादाची साठ वर्षं भरणार, म्हणून एकतीस मेला त्याची नोकरी संपणार होती. तीस तारखेला तो शाळेत गेला, किल्ल्यांचा जुडगा हेडमास्तरांना मोजून दिला, भर उन्हात चालत घरी आला, ओट्यावर बसला, तांब्याभर पाणी प्याला आणि छातीवर दगड ठेवल्यावानी होतंय म्हणाला. कुंभार पिंपळगावच्या दवाखान्यात न्यायला जीप येईस्तोवर खेळ संपला होता. दुसऱ्या दिवशीच्या निरोपासाठी हेडमास्तरांनी शाल आणून ठेवली होती. तीच त्यांनी त्याच्या अंगावर घातली.

म्हणजे एक दिवस नोकरी शिल्लक असताना दादा गेला. सेवेत असताना माणूस गेला तर त्याच्या वारसाला जागा मिळते, त्याला अनुकंपा म्हणतात. सेवा संपल्यावर गेला तर काही मिळत नाही. एका दिवसाचा फरक, पण त्या दिवसावर माझी पुतणी साक्षी उभी होती. पोरगी बी. ए. झालेली, परतूरला एका झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर उभी राहायची. आई, म्हणजे माझी बेबीनंदा वहिनी, लोकाच्या रानात कापूस वेचायला. दोघींनी सगळं त्या एका अर्जावर लावलं होतं.

जानेवारीत मी आणि साक्षी फाईल घेऊन जालन्याला जिल्हा परिषदेत गेलो. टेबलावरच्या बाईनं हेडमास्तरांचं पत्र वाचलं, मग मृत्यूचा दाखला वाचला, मग परत पत्र वाचलं. दाखला आमच्याकडं फिरवून तिनं एका ठिकाणी बोट ठेवलं. तीन जून. पत्रात काहीही असो, आम्ही दाखला धरतो, असं ती म्हणाली. तिच्या हिशेबानं दादा रिटायर होऊन तीन दिवसांनी मेला होता. बाई वाईट नव्हती. ग्रामपंचायतीत दुरुस्ती करून आणा, पण अर्ज वर्षाच्या आत, एकोणतीस मेच्या आत पाहिजे, हेही तिनंच सांगितलं.

आता माझी लाज सांगतो. त्या नोंदीच्या फॉर्मवर खबर देणारा म्हणून सही माझी आहे. पाच जूनला मी ग्रामपंचायतीत गेल्तो. भाऊसाहेबानं, म्हणजे ग्रामसेवक भुजंगरावानं, फॉर्म स्वतः भरला, इथं सही करा म्हणाला, मी केली. मी गवंडी माणूस. भिंत ओळंब्यात हाय का न्हाई ते दहा फुटांवरून सांगतो. त्या दिवशी डोळ्यापुढचा कागद वाचला नाही. वहिनीनं दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवला. सात महिने तोही कुणी वाचला नाही.

भुजंगरावाबद्दल खरं तेच सांगतो, नाहीतर गोष्ट खोटी होईल. आमच्या गावात अठरा वर्षं तो ग्रामसेवक. मधी दोनदा बदली झाली, दोन्ही वेळा गावानं त्याला मागून परत आणला. एक रुपया खात नाही. आमच्या वस्तीतली अकरा घरकुलं त्यानं मंजूर केली, चहापाण्याचे पैसे न मागता. आम्ही गेलो की खुर्ची देतो, ज्या कपात स्वतः पितो त्याच कपात आम्हाला देतो. त्यामुळं जालन्याहून येताना मला वाटलं, चूक झाली असंल, माणूस आहे, दुरुस्त करून देईल.

त्यानं चहा सांगितला, रजिस्टर काढलं, दादाचं पान उघडलं. चूक झालेली नव्हती. त्यानं तीन जून जाणून लिहिलं होतं.

दादा पंचकात गेला होता, असं तो म्हणाला. पंचक म्हणजे पंचांगातले ते पाच दिवस, ज्यात माणूस मेला तर आणखी पाच जणांना घेऊन जातो असं हे लोक मानतात. एकोणतीस मेच्या रात्री पंचक लागलं, तीन जूनला सुटलं. भुजंगराव पंचकातली तारीख आपल्या हातानं मरणाच्या रजिस्टरात लिहीत नाही. पहिलं वर्ष सोडलं तर अठरा वर्षांत एकही लिहिली नाही. सुटल्यावरची पहिली तारीख टाकतो. मागची टाकत नाही, कारण जित्या माणसाला मेला म्हणून लिहिणं हे त्याहून मोठं पाप. दोन-चार दिवसांनी आजवर कुणाचं अडलं नव्हतं, गावाचं भलंच झालं, असं त्याचं म्हणणं. आणि मग त्यानं मला विश्वासात घेतल्यासारखं सांगितलं की दादाच्या सरणात त्यानं कणकेच्या पाच बाहुल्या ठेवायला लावल्या होत्या. पंचकाचा उतारा म्हणून. पंचायतीचा शिपाई भागवत लाकडं रचायला आल्ता, त्यानंच गुपचूप खोचल्या.

माझा भाऊ बुद्ध वंदना घेऊन जळाला असं आम्ही समजत होतो. त्याच्या उशाला ह्यांच्या बाहुल्या होत्या.

मी म्हणालो, भाऊसाहेब, बाहुल्या जाळल्या, मंग आता कशाचं भ्या? लिहा की तीस मे. तो म्हणाला, चोरून घातलेला उतारा लागू होत नाही, घरच्यांनी घालावा लागतो. मी म्हणालो, आम्ही पंचक मानत नाही. तो म्हणाला, मला माहीत आहे, पण हात माझा आहे.

मग त्यानं ते सांगितलं, जे गावात कुणी बोलत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यानं एका म्हातारीची पंचकातली तारीख जशीच्या तशी लिहिली होती. त्यानंतर एकोणिसाव्या दिवशी त्याचा सात वर्षांचा पोरगा तापानं गेला. त्या महिन्यात गावात पाच पोरं गेली.

हे सांगताना तो रडला नाही. उजवा हात टेबलाखाली नेऊन मांडीवर ठेवला. मला ती पाच पोरं आठवतात. त्यातलं एक आमच्या वस्तीतलं. त्या महिन्यात आरोग्य केंद्राला डॉक्टर नव्हता आणि ग्लानीत पडलेल्या लेकरांना दोन गोळ्या देऊन घरी पाठवत होते. ही गोष्ट कोणत्या रजिस्टरात आहे? पण पोरगा गेलेल्या बापाला हे तोंडावर कसं सांगायचं? मी चहा प्यालो.

पुढं दोन महिने आम्ही खेटे घातले. त्यानं कधी हाकललं नाही, कधी लिहिलं नाही. एकदा म्हणाला, मी आठ दिवस रजा टाकतो, ज्याच्याकडं चार्ज जाईल त्याच्याकडून लिहून घ्या. खरंच रजा टाकली. शेजारच्या गावचा ग्रामसेवक आला आणि म्हणाला, दुसऱ्याच्या नोंदीला मी हात लावत नसतो, ज्यानं घाण केली त्यानं काढावी. विहारात बैठक झाली. कुणी म्हणालं केस करू, कुणी म्हणालं बिचारा चांगला माणूस आहे, ह्याच्या जागी दुसरा आला तर घरकुलाला पाच-पाच हजार मागंल. तेही खरं होतं. चांगल्या माणसाविरुद्ध भांडायला आमच्याकडं शब्दच नव्हते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्यानं आम्हाला बोलावलं. हेडमास्तरांचा आणि एका साक्षीदाराचा जबाब त्यानं तयार ठेवला होता. सगळं नियमानं. रजिस्टर उघडलं, समासात पट्टी लावून जागा आखून दिली, आणि पेन माझ्यापुढं धरला.

"तुम्ही लिहा, संपतराव. खाली सही मी करतो. सहीला दोष न्हाई, तारखेला हाये. तुम्ही मानत न्हाई, तुम्हाला लागणार न्हाई."

साक्षी माझ्या शेजारी उभी होती. ती म्हणाली, "काका, नको."

मी तिच्याकडं पाहिलं. एकोणतीस मेला तीन महिनेही नव्हते. मला वाटलं, शाई तर आहे. आपण मानत नाही ना, मग घाबरायचं कशाला? मी पेन घेतला आणि माझ्या गवंड्याच्या अक्षरात लिहिलं, मृत्यू दिनांक तीस मे. भुजंगरावानं खाली सही केली, शिक्का मारला, आणि हात जोडले. मला जोडले का देवाला, ते कळलं नाही.

वस्तीच्या कमानीपाशी थांबून साक्षी म्हणाली, "त्यानं लिहायचं व्हतं. तुम्ही त्याचं काम केलं."

मी चिडलो. म्हणालो, नोकरी पाहिजे का भाषण पाहिजे? ती म्हणाली, नोकरी पाहिजे. आणि घरात गेली.

मला ती रात्रभर पोरकट वाटली. दुरुस्त दाखला आम्ही जालन्याला दिला. बाईनं अर्ज घेतला, मुदतीच्या आत मूळ रजिस्टरची पडताळणी झाली तरच अर्ज धरतात, मग नाव यादीत चढेल म्हणाली. वहिनीनं वस्तीत साखर वाटली. मला वाटलं, झालं ते बराबर झालं.

एप्रिलच्या शेवटी वीज पडली. वरच्या आळीतल्या पुष्पाबाईचा नवरा मोसंबीच्या बागेत झाडाखाली उभा होता, जागीच गेला. तलाठ्यानं पंचनामा केला, पोलिसांनी केला, सगळ्यांवर तीच तारीख. आणि ती तारीख पंचकातली. भुजंगरावाला ह्या वेळेस तारीख पुढं ढकलता येत नव्हती, कारण दाखला पंचनाम्याशी जुळला नाही तर पुष्पाबाईला सरकारी मदत मिळणार नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी भागवत आमच्या दारात. आत आला नाही, सायकलवर एक पाय टेकून उभा.

"चल रं संपत. भाऊसाहेबानं बोलावलंय. जरा दोन अक्षरं लिहायचीत."

मी विचारलं, कसली? तो हसला. म्हणाला, "कसली म्हंजे? तुझ्या हातचं चालतंय म्हनं आता. जल्दी चल, ती बाई येऊन बसलीया."

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. त्याला ते इतकं साधं वाटत होतं, जसं गवंड्याला भिंतीसाठी बोलावतात. आणि तिथं, दारात उभ्या उभ्या, मला माझा आजा दिसला. गावात कुणाचंही माणूस मेलं की पाव्हण्यांना सांगावा नेणं आजाचं काम होतं. उन्हात, पावसात, अनवाणी, दहा-दहा कोस. पोचल्यावर दारापासून लांब उभं राहून ओरडून सांगायचं, तुमचा अमुक गेला. मरणाचा शब्द आमच्या तोंडातून काढायचा, म्हणजे गावाचं तोंड चोख. छप्पन सालानंतर आजानं चावडीवर जाऊन सांगितलं होतं, आता तुमचं मरण तुम्हीच सांगत जा. त्याबद्दल त्याला मार बसला होता. आणि मी, त्याचा नातू, खुर्चीत बसून, चहा पिऊन, ते काम परत घेऊन आलो होतो.

मी निघालो. साक्षी त्या दिवशी घरी होती. चपला घालून माझ्यामागं आली.

पंचायतीत पुष्पाबाई भिंतीला टेकून खाली बसली होती, कपाळ मोकळं. भुजंगरावानं खुर्ची पुढं केली. रजिस्टर उघडं होतं, तारखेची जागा कोरी होती, पेन वर आडवा ठेवलेला. मी बसलो नाही. मी लिहिणार नाही म्हणालो.

पुष्पाबाई मला म्हणाली, "लिही की रे बाबा. तुमाला चालतंय."

"मला चालतं, मावशी, म्हणूनच लिहीत न्हाई."

तिला ते कळलं नाही. तिच्या घरचं माणूस दोन दिवसांपूर्वी जळालं होतं, तिनं माझं का समजून घ्यावं? भुजंगरावानं पानं मागं उलटली आणि दादाच्या पानावर थांबला. माझं अक्षर समोर होतं. मग त्यानं मला विचारलं, ही कशी लिहिली मंग?

धमकी नव्हती ती. पण मला कळायचं ते कळलं. मी तक्रार केली असती तर पहिला पुरावा माझंच अक्षर. मरणाच्या रजिस्टरात बाहेरच्या माणसानं तारीख लिहिली म्हटल्यावर ती दुरुस्ती रद्द, आणि साक्षीचा अर्ज रद्द. मी स्वतःच्या हातानं स्वतःचं तोंड शिवून घेतलं होतं.

तेवढ्यात पुष्पाबाई रडायला लागली. मोठ्यानं नाही, धाप लागल्यासारखी. म्हणाली, भाऊसाहेब, माझ्या मालकाला असं हिकडून तिकडं ढकलू नगा, तुमीच लिहा, तुमी घरचे हाव. भुजंगराव उठला, माठातलं पाणी घेऊन हात धुतले, पुसले, खुर्चीत बसला, पुष्पाबाईच्या नवऱ्याचं पान काढलं आणि लिहिलं. स्वतःच्या हातानं. पंचकातली तारीख. आकडा त्यानं दोनदा गिरवला आणि पेन लांब सारला. त्याला घाम फुटला होता. मी त्या क्षणी त्याला शिवी दिली नसती. खरंच सांगतो, मला त्याची दया आली.

तो रजिस्टर मिटायला लागला तसा साक्षीनं पानांत हात घातला.

"आता आमचं."

"तुमचं झालंय ना, बाई."

"काकाच्या अक्षरात झालंय. तुम्ही आत्ता लिहिलं, तसं लिहा."

तो म्हणाला, एका दिवसात दोन लिहिणार नाही. मग उद्या लिहा, साक्षी म्हणाली. त्यानं मान हलवली. परवा लिहा. तो म्हणाला, अगं जे झालंय ते कशाला उकरते, तुझं काम तर होऊन राह्यलंय. त्याच्या तोंडावर राग नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं की ही पोरगी काय मागते आहे. घरच्या बाईसाठी त्याचं भय बाजूला सरलं होतं, अर्ध्या तासात. आमच्यासाठी ते दोन महिने, आणि शेवटी पेन आमच्याकडं. अठरा वर्षं एकाच कपात चहा प्यायल्यावरही आम्ही घरचे नव्हतो.

साक्षीनं टेबलावरचा पेन उचलला. दादाचं पान काढलं. माझ्या ओळीवर, डावीकडून उजवीकडं, एक सरळ रेघ मारली.

"आता तीन जूनच राह्यलं," ती म्हणाली. "लिहायचं तर तुम्ही लिहा. न्हाई तर असंच जालन्याला दाखवा."

भुजंगराव म्हणाला, हा गुन्हा आहे, सरकारी रजिस्टर आहे. ती म्हणाली, माहीत आहे. पुष्पाबाई रडायची थांबून आमच्याकडं बघत होती. भागवत दारात आला आणि तिथंच उभा राहिला. भुजंगरावानं रजिस्टर मिटून कपाटात ठेवलं आणि किल्ली फिरवली. लिहिलं नाही.

घरी आल्यावर मी वहिनीला सगळं सांगितलं. ती परात पुढं ओढून पीठ मळायला बसली, आणि पीठ झालं तरी मळत राहिली. मी वहीतलं दुरेघी पान फाडलं आणि गटविकास अधिकाऱ्याच्या नावानं तक्रार लिहायला घेतली. आता लिहिता येत होती, कारण आता माझ्याजवळ वाचवायला काही उरलं नव्हतं. बाहुल्या लिहिल्या. अठरा वर्षांच्या तारखा लिहिल्या. पहिल्या वाक्यात माझा गुन्हा लिहिला की मी, संपत, व्यवसाय गवंडी, मी सरकारी रजिस्टरात बेकायदा हात घातला. चौथ्या वाक्यात पुतणीनं मारलेली रेघ. भुजंगराव लाच खात नाही, हेही लिहिलं. एकोणतीस मेला महिनाभर होता. चौकशी लागली की रजिस्टर जप्त होणार, ते सुटेपर्यंत मुदत उलटून जाणार. मला ते माहीत होतं. साक्षीला माहीत होतं. ती ओट्यावर बसून माझ्या शुद्धलेखनाच्या चुका सांगत होती.

लिहून झाल्यावर मी ते वहिनीला वाचून दाखवलं. तिनं मान खाली घालून ऐकलं. मग विचारलं,

"भाऊजी, त्याच्यात ह्यांची तारीख लिहिली का?"

"लिहिली."

"कंची?"

"तीस मे."

तिनं पिठाचे हात पदराला पुसले आणि सही कुठं करायची ते विचारलं.